उजवी नळी

दुर्बीण निघाली बस्त्याव काकाच्या खाटेखालून,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डांबराच्या गोळ्यांबरोबर,
आणि बंदूक जमा केल्याची पोलिसांची पावती,
चार घड्या घातलेली.
बंदूक गेली. पट्टा राहिला,
त्याच्या मानेच्या घामानं काळा झालेला.

विहारच्या मागच्या रानात, रविवारी पहाटे,
तो आणि पास्कू रानकोंबड्यासाठी बसायचे.
मिस्सा बुडायची. आजी रागावली की म्हणायचा,
"देव थांबतो गो, कोंबडा नय थांबत."

मला नेलं तेव्हा मी नऊ वर्षांची.
बंदूक जमा होऊन बराच काळ लोटला होता,
तरी तो चालायचा ती असल्यासारखाच,
उजवा खांदा जरा खाली.

"आदी नुसत्या डोल्यांनी जागा धर, बाय.
मान हलवू नको. नजर तिथंच ठेव
आनि काचा वर आन, पेला तोंडाला नेतो तशा, सावकाश.
ऊन समोर असलं तर काच चमकते,
ती त्याला आपल्या आदी दिसते.
आनि आख्खा पक्षी शोदू नको. आख्खा कोनाला दिसतो?
तुकडा बग."

उभ्या बांबूंत एक आडवी रेघ.
पानांत, पान नसलेलं काहीतरी.
आणि मग मान. मानेवर पिवळट ठिपके,
कुणी मेणबत्ती कलती धरून थेंब सांडावेत तसे.
मग डोळा, तांबूस, मला न बघणारा.
एवढं जवळ मी तोवर कुणालाच पाहिलं नव्हतं,
आईलासुद्धा नाही.

काकानं माझ्या गळ्याखाली बोट टेकवलं,
हाडाच्या खाली दोन बोटं.
"हितं," इतकंच म्हणाला.
मग बोट काढून घेतलं, आणि त्याला खोकला आला.
कोंबडा फडफडत गेला, पाचोळा तेवढा हलत राहिला.
तो खोकला खरा होता का,
हे विचारायचं राहिलं.

उजव्या नळीला एक रिंग आहे, डोळ्याच्या नंबराची.
ती त्याच्या डोळ्याला लावलेली.
मला त्या बाजूनं सगळं रान धुरकट,
डाव्या बाजूनं लख्ख.
मी तशीच बघत आले, चाळीस वर्षं, थोडं डोकं दुखत.
बोरा बाजारात अस्गरभाईंनी भिंगांवरची बुरशी काढली,
साडेतीनशे घेतले, म्हणाले,
"रिंग जाम नाही, बाई. फिरवायची राहिली आहे."
मी म्हटलं, राहू द्या.

आता तुळशीच्या वाटेवर दुर्बीण जरा वर गेली
की काचेत सोळावा मजला येतो,
कुणाची तरी बाल्कनी, वाळत घातलेला निळा टॉवेल,
जणू सागाच्याच फांदीवर टाकलेला.
मी खाली येते. बुंधा, वारूळ, करवंदाची जाळी.
परवा एक चकोत्री होती, मागे दोन पिल्लं,
पायांनी पाचोळा मागे फेकत, घाईत, घरातलं काम उरकावं तशी.
मला कळलं तेव्हा
माझंच बोट माझ्या गळ्याखाली होतं.

आज रिंग फिरवली.
कुरकुरली, मग सहज वळली.
उजवीकडचं पान एकदम पान झालं,
शीर न शीर, कडेला किड्यानं कुरतडलेलं,
आणि त्यामागे कुणीच नव्हतं.

परत वळवू लागले.
कड्यावरच्या खुणा त्याच्याच बोटांनी पुसलेल्या.
एक केसभर पुढे होती की मागे,
पुन्हा पुन्हा लावून बघते,
धुरकट होतं, पण तेच धुरकट नाही.

उजवीकडे, जाळीत, कुणीतरी पाचोळा उकरतंय.